कणकेचा कोंबडा आणि बँकॉकचा पिवळा झेंडा



परदेशी सहल ठरली की आपण कपड्यांच्या आधी डब्यांचा विचार करतो. खाकरे, दशम्या, मेतकूट, बिनलसणाचे भडंग. हे सगळे न्यावेच, मीही नेते. पण आठ दिवस एखाद्या देशात राहून तिथले काहीच न चाखता परत यायचे, हे मला पटत नाही. थायलंडला तर आता आपल्यातल्या बऱ्याच जणी जातात, आणि तिथल्या खाण्यात आपल्यासाठी एक जुनी वाट आहे. आज तिच्याविषयी.

आधी एक समज बाजूला ठेवू. थायलंड बौद्ध देश, म्हणून शाकाहार सहज मिळेल, असे आपल्याला वाटते. तसे नाही. तिथले भिक्षू भिक्षापात्रात जे पडेल ते खातात. प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला नाही, ऐकला नाही आणि तशी शंकाही नाही, एवढे असले तर मांस त्यांना चालते. साध्या पपईच्या कोशिंबिरीतही माशाचे पाणी असते, आमटीच्या वाटणात सुक्या कोळंबीचा गोळा. ‘मांस नको’ म्हटले तरी हे दोन्ही पडतात, कारण त्यांच्या लेखी ते मीठमसाल्यात जमा.

शाकाहाराला तिथे दोन शब्द आहेत. पहिला ‘मांगसविरत’. ऐकून मी हरखलेच, हा तर आपला ‘मांसविरती’! पण या शब्दात अंडे, दूध, कांदा, लसूण सगळे बसते. दुसरा शब्द ‘चे’ (‘जे’ असाही ऐकू येतो). तो चिनी लोकांबरोबर आला आणि तो कडक आहे. मांस, मासे, अंडे नाही, दूधही नाही, दारू नाही आणि कांदा-लसूण नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरे, इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसणारी, ही त्याची खूण. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नऊ दिवस हे व्रत चालते. फुकेतमध्ये त्याची सुरुवात १८२५ ची सांगतात. खाणकामगारांच्या वस्तीत आलेली चिनी नाटकमंडळी तापाने आजारी पडली, त्यांनी हे व्रत केले आणि ती बरी झाली, अशी तिथली कथा आहे.

‘चे’ हा शब्द ज्या चिनी ‘झाय’वरून आला, तो बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात ‘उपोसथ’साठी वापरला गेला. उपोसथ, पोसह, प्रोषध हे सगळे एकाच घरचे शब्द. आपल्या श्रावकाचारातला प्रोषधोपवास तो हाच. आपण अष्टमी-चतुर्दशीला करतो, आणि चिनी बौद्धांच्या महिन्यातल्या सहा व्रतदिवसांत आठवी आणि चौदावी तिथी आहेच. ‘झाय’चा त्यांच्याकडचा एक जुना अर्थ दुपारनंतर न जेवणे असाही आहे. बँकॉकच्या गल्लीतल्या त्या झेंड्यावर आपलाच एक शब्द वेश बदलून बसला आहे म्हणा ना.

पण म्हणून सगळे आपले समजू नका. कांदा-लसूण ते सोडतात, कारण त्यांच्या ग्रंथांप्रमाणे हे पदार्थ शिजवून खाल्ले तर वासना वाढते आणि कच्चे खाल्ले तर क्रोध. त्यांच्या पाच वर्ज्य पदार्थांच्या जुन्या यादीत हिंगसुद्धा आहे! ज्या हिंगावर आपली बिनकांद्याची आमटी उभी, तोच. आपण कंद सोडतो ते अनंतकाय म्हणून, एका शरीरात अनंत जीव म्हणून. त्यामुळे मुळा, गाजर, बटाटा, कमळाचे कंद, अळंबी त्यांना बिनदिक्कत चालतात. रश्शात पांढरा मुळा हमखास असतो. विचारायचे ते मुळ्याचे. कांद्याचे विचारायची गरज नाही.

यापेक्षा ओळखीच्या बर्गरच्या दुकानात फ्राईज घेतलेल्या बऱ्या, असे कोणी म्हणेल. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत १९९० मध्ये वनस्पती तेलात तळण्याचे जाहीर केले, पण तिथल्या फ्राईजना गोमांसाच्या अर्काचा स्वाद होता. २००१ मध्ये सिएटलच्या हरीश भारती या वकिलांनी दावा लावला आणि पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर शाकाहारी, हिंदू आणि इतर संस्थांना देण्याचे कबूल केले. त्या वेळी मला आठवते, आपल्याकडे तेलावर खूप चर्चा झाली. बटाट्याचे कोणी काढले नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले तो मुद्दा. ‘चे’ दुकानात काचेआड अख्खे बदक दिसते, मासा दिसतो, कोंबडीचे तुकडे दिसतात. सगळे सोयाबीनचे किंवा कणीक धुऊन उरलेल्या चिकाचे. कातडीच्या सुरकुत्यासुद्धा हुबेहूब. माझी सून म्हणाली, “आई, यात जीव कुठे आहे? पीठच तर आहे.”

चीनमध्ये भिक्षूंचा मांसाहार मोडून काढण्यात ज्या राजाचा मोठा वाटा, तो लियांग घराण्याचा सम्राट वू. त्याचे राज्य ५०२ ते ५४९, राजधानी आजच्या नानजिंगला. भिक्षूंनी मद्य-मांस सोडावे म्हणून त्याने स्वतः लिहिले. ५१७ मध्ये त्याने पूर्वजांच्या मंदिरातले पशुबळी बंद केले आणि त्यांच्या जागी कणकेचे पशू ठेवायला लावले. दरबारात कुरकुर झाली, पण तो बधला नाही. केवढी करुणा!

आणि आपली यशोधराची कथा आठवा. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ रचले, त्यात ती आहे. वाईट स्वप्न पडले म्हणून आई चंद्रमती राजाला बळी द्यायला सांगते. राजा जीव घ्यायला तयार नसतो. मग तोडगा निघतो, कणकेचा कोंबडा. तो कापला, प्रसाद म्हणून खाल्ला, आणि त्या एका संकल्पापायी माय-लेक जन्मोजन्म पशुयोनीत फिरले. कणीक तीच. वू राजाने बळी जाणारा जीव वाचवला म्हणून ते पुण्य ठरले, आणि आपल्याकडे कापणाऱ्याच्या मनात कोंबडा होता म्हणून हिंसा.

सुनेला मी हे सांगितले. ती म्हणाली, “पण मी कोंबडी कधी खाल्लीच नाही, तर माझ्या मनात कोंबडी येणार कुठून?” हा प्रश्न मला खोटा वाटला नाही. मांस सोडू पाहणाऱ्याला हे पदार्थ उपयोगी पडत असतील, आणि तिथे त्यांचा मान राखायलाच हवा. पण आपण जन्मात न पाहिलेली चव मुद्दाम नक्कल म्हणून जिभेवर का घ्यायची? आकार नसलेले टोफू होते, तांदळाच्या शेवया होत्या, हिरव्यागार पालेभाज्या होत्या. तिने दोन तुकडे घेतले, मी घेतले नाहीत. जेवण दोघींचे छान झाले.

चायनाटाऊनमध्ये अशी दुकाने सापडतात, पण त्या भागाला खरी जाग संध्याकाळनंतर येते. आपल्याला सूर्यास्ताआधी उरकायचे असते, तेव्हा जेवण दुपारी तिथे ठेवा आणि संध्याकाळी पाचला हॉटेलवर दशमी काढा.