बायलॉज: गावाने केलेला कायदा

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं सचिवपद सांभाळलं. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात नोंदणीचं प्रमाणपत्र, इतिवृत्ताच्या वह्या आणि त्यांच्याखाली पिवळं पडलेलं एक पुस्तक असायचं: आदर्श पोटनियम. नव्या आवृत्तीवर ‘उपविधी’ असं छापतात. सभासद मात्र ‘बायलॉज’च म्हणतात. वरच्या मजल्यावरची गळती असो की पार्किंगचा वाद, ‘बायलॉजमध्ये काय लिहिलंय ते दाखवा’ हे वाक्य ठरलेलंच. म्हणून या शब्दाच्या मुळाशी जावंसं वाटलं.

पोटकलम, पोटभाडेकरू, पोटनिवडणूक, तसाच पोटनियम. मोठ्या कायद्याच्या पोटातला लहान नियम, असं आपण समजतो. ‘बायलॉ’तल्या ‘बाय’चा अर्थही आज दुय्यम असाच लावतात. पण नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात येऊन वसले, त्यांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे वस्ती, गाव. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या नावांत तो शब्द अजून टिकून आहे. बायलॉ म्हणजे गावाने स्वतःसाठी केलेला कायदा. गुरं कोणत्या रानात कधी सोडायची, कापणी झाल्यावर सरवा वेचायला शेतात कोणी जायचं, असल्या गोष्टी मध्ययुगातली इंग्लंडची गावं एकत्र बसून ठरवत. पुढे ‘बी’चा अर्थ लोक विसरले आणि त्या जागी दुय्यमपणा येऊन बसला. मराठीत तो शब्द याच दुसऱ्या अर्थाने आला.

गावाने ठरवायचं, ही रीत आपल्याकडेही होतीच. उत्तनच्या किनाऱ्यावर डोल जाळी लावणाऱ्या कोळ्यांना विचारा. समुद्रात खांब रोवून जाळं बांधायच्या जागेला ते कव म्हणतात. भर पाण्यात कुंपण नाही की सातबारा नाही, तरी कोणाची कव कुठे हे परंपरेने ठरत आलं. सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांशी याच कवींवरून वर्षानुवर्षं वाद चालला, यावरूनच त्या रूढ हक्काचं वजन कळतं.

आपलं शहरही गावांचंच बनलेलं आहे. भाईंदर, मीरा, काशी, नवघर आणि घोडबंदर या पाच ग्रामपंचायती मिळून 12 जून 1985 रोजी नगरपरिषद झाली. 1990 मध्ये उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे आणि वर्सावे जोडली गेली. 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका आली. रस्ते, पाणी, गटारं यांसाठी हे व्हायलाच हवं होतं. पण ग्रामपंचायतींबरोबर ग्रामसभाही गेली. आता शहराचे नियम नगरसेवक करतात, आपण फक्त त्यांना निवडून देतो. साध्या रहिवाशाने स्वतः हात वर करून नियम मंजूर करावा, अशी एकच जागा माझ्या मते शहरात उरली आहे: सोसायटीची सर्वसाधारण सभा.

ही जागाही आयती मिळालेली नाही. 1904 चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. 1912 च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मोकळी झाली आणि 1915 मध्ये श्रीपाद सुब्रराव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वतांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आज आपल्याला लागू आहे तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. सभेला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासद बाजूने असले, की पोटनियम दुरुस्त करण्याचा ठराव संमत होतो. निबंधकांनी त्याची नोंद केली की तो लागू.

आणि एवढा अधिकार हातात असून आपण काय करतो? आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा 20 जण, यांतली कमी संख्या पुरते. तरीही वहीत ‘गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब’ हे वाक्य मला पुन्हा पुन्हा लिहावं लागलं. अर्ध्या तासाने हजर असतील तेवढ्यांनी सगळ्या इमारतीचे निर्णय घ्यायचे आणि बाकीच्यांनी वर्षभर जिन्यात तक्रारी करायच्या, हे गावाचं वागणं नव्हे.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. सूचना 14 दिवस आधी हाती येते. तेवढ्या वेळात सचिवाकडून पोटनियमांचं पुस्तक मागून घ्या, वाचा, खटकेल त्या नियमाची दुरुस्ती लेखी द्या आणि सभेला वेळेवर या.