गाईच्या पोटात तार किंवा प्लास्टिक: एक्स-रे, सोनोग्राफी आणि ऑपरेशन कधी लागते?

गाय अचानक चारा सोडते, दूध एकदम घटते, रवंथ थांबते. औषधाने दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. असे वारंवार होत असेल तर ते साधे अपचन नसून पोटात तार किंवा प्लास्टिक असू शकते.

पोटात जाते कसे?

गाय चारा नीट न चावता गिळते आणि नंतर रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यातला खिळा तिच्या लक्षात येत नाही. जालना शहर लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, पण त्रासाला कारखानाच लागतो असे नाही. बांधकामावरची बाइंडिंग तार किंवा कुट्टीत आलेला तुकडाही पुरतो.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. जड वस्तू जाळीपोटात अडकते. त्याच्या पुढे छातीचा पडदा आणि लगेच हृदय असते. टोकदार तार पुढे सरकली तर हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. प्लास्टिक मात्र कोटीपोटात साचून गोळा बनते आणि पोटफुगी वारंवार होते.

कोणती तपासणी काय सांगते?

एक्स-रेमध्ये तार, खिळा, सुई दिसते; प्लास्टिक सहसा दिसत नाही. शिवाय निरोगी गाईच्या जाळीपोटातही लोखंडाचा तुकडा निघू शकतो. म्हणून केवळ लोखंड दिसले म्हणजे आजार ठरला, असे नाही.

सोनोग्राफीत तार क्वचितच दिसते, पण तिने केलेले नुकसान कळते: जाळीपोटाची हालचाल मंदावली का, पू साचला का, हृदयाभोवती पाणी झाले का. म्हणून दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत.

ऑपरेशन कसे होते?

याला रुमेनोटॉमी म्हणतात. बहुतेक वेळा गाय उभी असतानाच, डाव्या कुशीत भूल देऊन ते करतात. कोटीपोट उघडून डॉक्टर हाताने प्लास्टिक काढतात, जाळीपोट चाचपून तार शोधतात आणि टाके घालतात. त्वचेचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात.

छातीचा पडदा फाटून जाळीपोट छातीत शिरले असेल, तर दुसरे, मोठे ऑपरेशन लागते. हा प्रकार म्हशींमध्ये जास्त आढळतो.

उशीर कधी होतो?

पाठीची कमान, कोपरे बाहेर काढून उभे राहणे, उतार उतरताना कण्हणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. गळ्याखालच्या पोळीवर सूज आली आणि मानेची शीर फुगली, तर तार बहुधा हृदयापर्यंत गेलेली असते. मग ऑपरेशन करूनही गाय वाचण्याची आशा फार कमी उरते.

कुठे जायचे?

आधी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. मोठी तपासणी लागली, तर जालन्याला शेजारच्या परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. निघण्यापूर्वी यंत्र आणि सर्जन त्या दिवशी उपलब्ध आहेत का, हे फोनवर विचारून घ्या. आजारी जनावराचा एक फेरा तरी वाचतो.

टाळायचे कसे?

कुट्टी करण्याआधी चारा झाडून पाहा. गोठ्याजवळ तारा, खिळे पडू देऊ नका. शिळे अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नका. गाय ते पिशवीसकट खाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने जाळीपोटात चुंबक सोडता येते. ते तिथेच राहून लोखंड धरून ठेवते.