बुजलेली तळी आणि थांबलेला भोंगा

आपले गाव पूर्वीचे राहिले नाही, ही तक्रार कोल्हापुरात नवी नाही. तटाच्या वेशी पडल्या तेव्हाच्या वृद्धांनीही ती केली असेल. आज गंगावेशीत वेस नाही आणि वरुणतीर्थ वेशीतही नाही. बिंदू चौकात तटाचा थोडासा अवशेष तेवढा उभा आहे. पण गंगावेस म्हटले की कोठे जायचे हे पोरासोरांनाही कळते. वस्तू गेली तरी नाव मागे राहते, ही या गावाची रीत आहे.

हीच गोष्ट तळ्यांची. एके काळी हे तळ्यांचे गाव होते. रंकाळा आणि कोटितीर्थ आज दिसतात. बाकीची बहुतेक बुजली. कपिलतीर्थावर भाजी मंडई भरते. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आहे आणि तेथे फुटबॉलच्या सामन्याला सारे गाव लोटते. घरोघर नळ आले, तळ्यावरची वर्दळ ओसरली, पाणी घाण झाले, आणि शेवटी भर घालणे लोकांना शहाणपणाचे वाटले. त्यांना आम्ही सरसकट दोष देणार नाही. मंडई हवी होती, मैदानही हवे होते. गांधी मैदानावरच्या सभांनी आमच्यासारख्या कित्येकांना शाळेबाहेरचे शिक्षण दिले आहे. मात्र जोराचा पाऊस झाला की त्याच मैदानात पाणी तुंबते, आणि सखल जागा कोणाची होती हे कळून येते. गावाने तळे विसरले तरी पाणी आपली वाट विसरत नाही. तेव्हा जुन्या खुणांची आठवण ठेवणे हा म्हाताऱ्यांचा रिकामा उद्योग आहे, असे कोणी समजू नये.

याचा अर्थ जे जे गेले त्या सर्वांसाठी अश्रू ढाळावेत असा नव्हे. आज जेथे शिवछत्रपतींचा पुतळा आहे, तेथे पूर्वी मुंबईचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत लोकांचा रोष त्याच्यावर वळला. अखेर तो गेला आणि १९४५ साली तेथे शिवाजीमहाराज उभे राहिले. विल्सनसाहेबाच्या आठवणीने हळहळणारा माणूस आम्हांस अजून भेटायचा आहे. ती खूण लोकांनी आपल्या हाताने पुसली, आणि योग्य केले.

उलट ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीची गोष्ट घ्या. राजर्षी शाहूमहाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. नट रडले, बॅकस्टेजची माणसे रडली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे तिकीट काढले नव्हते तेही रडले. ते पुन्हा उभारले पाहिजे असा आवाज गावातून लगेच उठला आणि कामही हाती घेतले गेले. गावाने मनावर घेतले म्हणजे काय होते, हे त्यातून दिसले.

आता एक प्रश्न आम्ही श्रोत्यांपुढे ठेवतो. नाट्यगृह जळाल्यावर गाव रडले. मग शाहू मिल बंद पडली तेव्हा किती जण रडले?

१९०६ साली शाहूमहाराजांनी या गिरणीची कोनशिला बसविली. शेतीवर पोट भरणाऱ्या मुलखाला कारखान्यातले काम मिळावे, ही त्यामागची दृष्टी. कोटितीर्थाच्या शेजारी साचे घडघडू लागले आणि भोंगा वाजू लागला. मनगटावर घड्याळ ही चैन होती त्या दिवसांत हा भोंगाच गावाचे घड्याळ होता. पाळीवाला त्यावर उठे, त्याची बायको त्यावर चूल पेटवी, आणि ज्यांचा गिरणीशी काही संबंध नाही तेही त्यावर वेळ जुळवीत. पुढे गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. जुनी यंत्रे, यंत्रमागाचे स्वस्त कापड, नव्या भांडवलाचा अभाव या रोगांनी महाराष्ट्रातल्या अनेक गिरण्या खंगल्या. आमची गिरणी २००३ मध्ये बंद झाली.

मुंबईत १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी गेली, त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उठले. कोठे कोठे चिमणी तेवढी शोभेसाठी राखली. चिमणी पाहणाऱ्यास कारागिराचे नाव कोण सांगणार? कोल्हापुरात तसे होऊ नये, एवढीच आमची चिंता आहे. शाहू मिलच्या सुमारे २७ एकर जागेवर राजर्षींचे स्मारक व्हावे, अशी चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. ते व्हावेच. पण महाराजांनी ती जागा पुतळ्यासाठी घेतली नव्हती, कामासाठी घेतली होती. म्हणून त्या स्मारकात एक साचा ठेवावा, हजेरीपटावरची नावे भिंतीवर लिहावीत, त्यांत बदलीवाल्यांचीही असावीत, आणि पोरांना एखादा हुन्नर शिकविणारी शाळा तेथे असावी.

जुने कामगार आता थकले आहेत. साचा कसा लावीत, सूत तुटले म्हणजे हात कसा चाले, पाळी सुटल्यावर माणसे कोठे टेकत, हे सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. तळी बुजली तेव्हा पाण्याला विचारण्याची सोय नव्हती. ही माणसे अजून गावात आहेत. ज्यांच्या गल्लीत, ज्यांच्या घरात असे कोणी असेल, त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे.