डाग, गोडेतेल आणि हळद

खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलार बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, मग अंगावरचे भोवरे, मग चाल. एवढं झाल्यावर तो खांद्यावरून, फऱ्यावरून, गुडघ्यावरून सावकाश हात फिरवतो. तो डाग शोधत असतो. पांढऱ्या कातडीवर केस न उगवलेली एखादी रेघ, गोल किंवा फुली म्हणजे त्या जनावराचा जुना केसपेपरच. इथं लंगडला होता, इथं खांदा भरला होता, इथं गळा सुजला होता. हेडी ती जागा आपल्या हाताखाली झाकायला बघतो, आणि उपरण्याखाली बोटं दाबून सौदा चालतो तेव्हा त्या एका रेघेपायी भाव खाली येतो.

आटपाडी, जत, खटाव या तालुक्यांत गुरांच्या दवाखान्यात माझी बहुतेक नोकरी गेली. असा एकही बाजार मला आठवत नाही जिथं डागलेलं जनावर दिसलं नाही. विळा किंवा लोखंडी सळई आरात लाल करायची, जनावर पाडून पाय बांधायचे आणि दुखऱ्या जागेवर टेकवायची. कुठं वैदू हे करायचा, कुठं लोहार, कुठं धनगरवाड्यावरचा एखादा म्हातारा. माझ्याकडं लंगडा बैल घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी डागूनच आलेले असत. एका आबांना मी विचारलं, "आबा, मग माझ्याकडं कशाला आणला?" ते म्हणाले, "सायेब, डागल्याबिगर शीर धरत न्हाय. तुमी वरनं सुई टोचा, म्हंजे लवकर उठंल."

हे आबा अडाणी होते असं समजायचं कारण नाही. त्यांनी डागलेले बैल खरोखर सुधारताना पाहिले होते. मात्र डागल्यानंतर काय होतं, इकडं त्यांचं लक्ष नव्हतं. भाजलेल्या खांद्यावर जू ठेवता येत नाही. जखम भरेपर्यंत बैल आठवडेच्या आठवडे दावणीला उभा राहतो, बाप्या त्याला वैरण-पाणी जागेवर देतो आणि नांगरटीला शेजाऱ्याची जोडी मागून आणतो. एवढा आराम त्या बैलाला एरवी कोण देणार? गुण डागाचा की दावणीचा, हे कळायला दोन सारखे लंगडे बैल हवेत. दोघांनाही सारखाच आराम द्यायचा, डागायचं मात्र एकालाच.

हे काम झालं ते इंग्लंडात, आणि बैलांवर नाही, घोड्यांवर. तिकडं शर्यतीच्या घोड्याच्या पायामागची शीर दुखावली की तापल्या लोखंडानं डागायची चाल पिढ्यान्पिढ्या होती, आणि ती पाळणारे वैदू नव्हते, पदवीधर डॉक्टर होते. ब्रिस्टल विद्यापीठात इयन सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरांच्या दुखापती, त्यांचं भरून येणं आणि त्यांवरचे उपचार तपासले. १९८३ साली निष्कर्ष छापून आले. डागल्यानं शीर जास्त चांगली भरत नाही, उपयोग होतो तो सक्तीच्या विश्रांतीचा. चाबूकस्वारांच्या दुनियेत यावर बरीच आदळआपट झाली. आमच्या बाजारात ही बातमी अजून पोचायची आहे.

जुन्या गुरेवैद्यकाकडे मी दोन टोकांनी बघणारी माणसं पाहिली. एकाला आजोबांचं सगळं सोन्याचं वाटतं, दुसऱ्याला सगळी भोंदूगिरी. मला या धंद्यात राहून वेगळंच दिसलं. जिथं रोग झटपट मारतो आणि उपाय झटपट दिसतो, तिथं शेतकऱ्याचं ज्ञान बहुधा पक्कं निघतं. जिथं रोग आपला आपण बरा होतो, तिथं ते ज्ञान वाटेल तसं भरकटतं.

पोटफुगीचंच बघा. ओली लसूणघास किंवा कोवळा हिरवा चारा पोटभर खाल्ला की डावी कूस ढोलासारखी वर येते आणि जनावर तासाभरातही जातं. घरोघर उपाय एकच: बांबूच्या नळीनं गोडेतेल पाजायचं, त्यात कुणी हिंग घालतं, कुणी ओवा. हिरव्या चाऱ्यानं पोटात फेस होतो, वायू त्या बुडबुड्यांत अडकतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडत नाही. तेल त्या फेसाचा ताण मोडतं, बुडबुडे फुटतात, वायू सुटतो. आमच्या पाठ्यपुस्तकांतही वनस्पती तेलं आणि टर्पेंटाइन होतंच. माझी तक्रार तेलाबद्दल नव्हती, पाजण्याच्या घाईबद्दल होती. मान वर ताणून भसकन ओतलं की तेल फुप्फुसात जातं आणि पोटफुगीतून वाचलेलं जनावर आठवड्यानं न्यूमोनियानं दगावतं.

किराळ लागण्याचंही तसंच. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी गुरांना विष होते, हे माणदेशातल्या पोराटोरांनाही माहीत असतं. तो हायड्रोसायनिक आम्लाचा प्रकार आहे, हे रसायनशास्त्रानं नंतर सांगितलं. खाल्लं आणि पडलं, इतका जवळचा कार्यकारणसंबंध असला की चूक फार काळ टिकत नाही.

आता तिवा घ्या. ताप, अंग आखडणं, जनावर बसतं ते उठत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक वेळा आपलं आपण उठून वैरण खायला लागतं. अशा रोगावर जगातलं कोणतंही औषध लागू पडतं. काळा दोरा बांधा, मंत्र टाका, काढा पाजा. दुसऱ्या दिवशी आलेल्या वैदूची ख्याती पंचक्रोशीत होते आणि पहिल्या दिवशी आलेल्याला शिव्या बसतात. (पहिल्या दिवशी येणारा बऱ्याचदा मीच असे.) लाळ्या-खुरकुतातही मोठी जनावरं दोन-तीन आठवड्यांत बहुधा सावरतात. मरतात ती वासरं. म्हणून खुरकुतावरचे गावठी उपाय मोजायला बसलात तर वही पुरायची नाही.

याच्या उलट बुळकांडी. ती झपाट्यानं मारायची, आणि तिच्यावर खात्रीचा उपाय कोणत्याच परंपरेकडं नव्हता, ना वैदूकडं, ना सरकारी डॉक्टराकडं. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालच्या गुरांच्या साथींच्या आयोगानं १८७१ मध्ये अहवाल दिला, तेव्हा साहेबांच्या हाती आजारी जनावर वेगळं ठेवा, यापलीकडं फारसं काही नव्हतं. मुंबईला परळमध्ये १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. त्यानंतर १८८९ साली खुद्द पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलली आणि पुढं भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून नावाजली. मुक्तेश्वरला एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या अंगात पुन्हा पुन्हा वाढवून गुरांना सोसेल असा केला. तिथून देशभरच्या लसीकरणापर्यंत आणि १९९५ मधल्या भारतातल्या शेवटच्या उद्रेकापर्यंत आणखी सत्तर वर्षं गेली. २०११ साली जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. आज शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातली मुलं हा रोग फक्त पुस्तकात वाचतात.

मग हळदीचं काय? सांगली जिल्ह्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरच्या जमिनीत हळदीची पेवं होती. २००५ च्या पुरानं त्यांचं फार नुकसान केलं, पण सांगलीच्या हळदीचा बाजार टिकला आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथं बैलाच्या शिंगाला लागलं तरी हळद, खांद सोलली तरी हळद. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं, तेव्हा माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं ते लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तो दिवस आम्हा सगळ्यांच्या अभिमानाचा होता. पण त्या दाव्यात सिद्ध काय झालं, हे नीट पाहायला हवं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढं ठेवून एवढंच दाखवलं गेलं, की हे आम्हाला आधीपासून माहीत आहे, नवीन शोध नाही. हळदीनं जखम किती लवकर भरते, हा प्रश्न तिथं कुणी विचारलाच नव्हता. ‘अमेरिकेनंही मान्य केलं’ असं म्हणून हळदीच्या नावावर काहीही खपवणारे विक्रेते मी यात्रांतून पाहिलेत.

सध्या आमच्या भागात चर्चा आहे ती कासदाहावरच्या लेपाची. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं प्रसार केलेला हा नुस्खा असा: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, वाटून पाणी घालून कासेला दिवसातून अनेकदा लावायचा. त्यामागचा हेतू मला पटतो. सडात अँटिबायोटिकची नळी सोडली की त्या गाईचं दूध काही दिवस डेअरीला घालता येत नाही, आणि घातलंच तर ते औषध तुमच्या-माझ्या चहात येतं. पण माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक नोंदी बऱ्या झालेल्या गाई मोजतात. शेजारी लेप न लावलेल्या तशाच गाई किती बऱ्या झाल्या, ते फार थोड्या सांगतात. सौम्य कासदाह काही वेळा आपोआपही निवळतो. शिवाय लेप लावणारा दर वेळी कास धुतो, सड रिकामं पिळून काढतो. आबांच्या दावणीचाच प्रश्न हा.

नॉर्वेत कासदाहाच्या ५७ गाईंवर हा प्रश्न सरळ विचारला गेला. काहींना होमिओपॅथी, काहींना अँटिबायोटिक, काहींना नुसतं दिखाऊ औषध. २००४ साली निकाल छापला: होमिओपॅथी दिखाऊ औषधापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. आणि हेही छापलं, की अँटिबायोटिकच्या गाईंचे दूरचे निकालही सुमारच होते. ही दुसरी ओळ आमच्या लोकांनी वाचावी असं मला फार वाटतं.

कारण आमच्या पिशवीतल्या औषधांचाही हिशेब पुरा नसतो. डायक्लोफेनॅकनं लंगड्या बैलाची दुखण्याची तक्रार कमी होते, हे पक्कं सिद्ध होतं. मेलेल्या बैलाचं मांस खाणाऱ्या गिधाडाचं काय होतं, हे कुणी तपासलंच नव्हतं. २००४ साली ते कळलं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर माळावरची गिधाडं दिसेनाशी झाली होती.

लेपाची परीक्षा घेणं अवघड नाही. शिरवळ जवळच आहे आणि भिलवडीसारख्या दुधाच्या पट्ट्यात गाईंना तोटा नाही. पन्नास गोठे, सारखी लक्षणं, निम्म्या गाईंना लेप आणि धुणं-पिळणं, उरलेल्यांना नुसतं धुणं-पिळणं. आजार वाढला तर दोन्हीकडं लगेच नेहमीचं औषध. दूध तपासणाऱ्याला कोणती गाय कुठली, हे ठाऊक नसावं. हे मी एका पारावर समजावून सांगत होतो. सगळं ऐकून एका काकांनी विचारलं, "पर कुनाच्या गाईला लेप न्हाय, हे ठरवनार कोन?"

"चिठ्ठ्या टाकायच्या."

"मंग टाका की," ते म्हणाले, "माझी चिठ्ठी तेवढी मी उचलनार."