आज्ञावलीचे पर्याय : खटक्यांपासून वस्तूंपर्यंत

गणकयंत्राच्या साहाय्याने काढलेला एखादा निष्कर्ष दुसऱ्या अभ्यासकाला पडताळून पाहावयाचा झाल्यास केवळ आज्ञावली हाती असून भागत नाही. ती कोणत्या पर्यायांसह चालविली होती, हेही त्यास ठाऊक असावे लागते. आज्ञावलीचे नाव व त्यापुढे तिच्या वर्तनात फेरफार करणारी अक्षरे, शब्द आणि संख्या ज्या एका ओळीत टंकित केल्या जातात, तिला आदेशओळ म्हणतात. ही ओळ लिहून ठेवली नसेल, तर शोधनिबंधातील आलेख कितीही देखणा असला तरी त्याची पुनरावृत्ती दैवाधीन राहते. असे असूनही आदेशओळीतील पर्यायांचा विचार आजवर किरकोळ कारागिरीच्या सदरात टाकला गेला आहे. वस्तुतः आज्ञावलीरचनेच्या शास्त्रातील एक मूलगामी प्रश्न त्यात दडलेला आहे. आज्ञावली जर परस्परांना संदेश देणाऱ्या स्वतंत्र वस्तूंची बनलेली असेल, तर बाहेरून आलेला पर्याय त्यांपैकी कोणाच्या मालकीचा?

या प्रश्नाचा पूर्वेतिहास मुंबईच्या परिसरात चांगला अभ्यासता येतो. मानखुर्दला लागूनच अणुशक्तिनगर आहे आणि त्यापलीकडे ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र. तेथे सिद्ध झालेल्या टीडीसी-१२ या गणकयंत्राचे उद्‌घाटन १९६९ च्या जानेवारीत विक्रम साराभाई यांच्या हस्ते झाले. त्या वर्गाच्या लहान यंत्रांवर पर्याय म्हणजे अक्षरशः दर्शनी फलकावरील खटका. चालू आज्ञावली खटक्याची स्थिती वाचून पुढची वाट ठरवी. आजही अनेक ठिकाणी पर्यायाला ‘स्विच’ म्हणतात, त्या शब्दाचे मूळ या खटक्यात आहे. खटक्याचा दोष उघड होता. गणित संपल्यावर तो कोणत्या स्थितीत होता याची नोंद कोठेही उरत नसे. चालकाने वहीत टिपून ठेवली असेल तेवढीच.

मुंबईच्या दुसऱ्या टोकास, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, याच्या उलट परिस्थिती होती. त्या संस्थेने आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वतः घडविलेले टीआयएफआरएसी हे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. या यंत्रास काम द्यावयाचे ते छिद्रपत्रांच्या, म्हणजे पंच कार्डांच्या, गठ्ठ्याने. गठ्ठ्यातील नियंत्रणपत्रे त्यांच्या पहिल्या स्तंभातील विशिष्ट छिद्रांवरून ओळखली जात. फोर्ट्रानच्या संकलकाला बोलावणाऱ्या पत्रावर त्याच्या नावापुढे स्वल्पविरामांनी विलग केलेली एकेक अक्षरे असत. एका अक्षराने आज्ञावलीची छापील प्रत मिळे, दुसऱ्याने संकलनानंतर लगेच अंमलबजावणी होई. म्हणजे खटका आता कागदावर उतरला होता आणि गठ्ठा जपून ठेवला की पर्यायही जपले जात. छिद्रपत्रांची मागाहून पुष्कळ थट्टा झाली. परंतु नोंदीच्या दृष्टीने ती पद्धती नंतर आलेल्या पुष्कळ पद्धतींहून सरस होती, हे मान्य करावे लागते.

टंकयंत्रासमोर बसून यंत्राशी थेट संवाद करण्याची सोय झाल्यावर पत्राची जागा ओळीने घेतली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स तंत्रज्ञान संस्थेच्या कालविभागणी प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. तिचा वारसा मल्टिक्सकडे व त्यातून युनिक्सकडे गेला. १९७१ च्या नोव्हेंबरात निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत आडवी रेघ व तिच्यापुढे एक अक्षर ही पर्यायाची खूण दिसते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या यंत्रांवर मात्र तिरकी रेघ रूढ होती आणि तीच पुढे लहान यंत्रांच्या डॉस प्रणालीत आली. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फायलींचे उतरंडीचे कप्पे आले, तेव्हा युनिक्समध्ये कप्प्यांची नावे विलग करणारी तिरकी रेघ डॉसमध्ये पर्यायांनी आधीच अडविली होती. म्हणून तेथे उलटी तिरकी रेघ वापरावी लागली. एका क्षुल्लक चिन्हाने कोट्यवधी लोकांच्या बोटांना लावलेले हे वळण अद्याप सुटलेले नाही.

युनिक्सवर प्रत्येक आज्ञावली आपले पर्याय आपल्या मर्जीने उलगडीत असे. या अंदाधुंदीवर उपाय म्हणून बेल प्रयोगशाळेत ‘गेटऑप्ट’ हे उपकार्य तयार झाले व १९८५ मध्ये डल्लास येथील युनिफोरम परिषदेच्या वेळी ते सर्वांना मुक्तपणे देण्यात आले. त्याची रचना ध्यानी घेण्याजोगी आहे. ते ओळीतील पर्याय एकामागून एक हाती देते आणि पर्यायासोबतचे मूल्य, तसेच आपण ओळीत कोठवर आलो हा क्रमांक, सार्वत्रिक चलांत ठेवते. म्हणजे आज्ञावलीच्या कोणत्याही भागाने ती चले वाचावीत व कोणीही ती बदलावीत. सी भाषेच्या लहान आज्ञावल्यांत यामुळे फारसे बिघडत नव्हते.

वस्तुकेंद्री पद्धतीत, अर्थात ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचनेत, नेमके हेच खुपते. सिम्युला ६७ पासून चालत आलेल्या या पद्धतीचे पहिले सूत्र असे, की प्रत्येक वस्तूने आपली स्थिती आपल्यापाशी राखावी आणि इतरांनी तिला संदेशाद्वारेच विचारावे. परंतु आदेशओळ तर कोणतीही वस्तू जन्मास येण्यापूर्वीच आलेली असते. सी++ भाषेत ती ‘मेन’ या कार्याच्या स्वाधीन होते आणि ते कार्य कोणत्याच वर्गात नसते. १९९६ मध्ये प्रसृत झालेल्या जावा भाषेने ‘मेन’ला वर्गाच्या आत आणून बसविले खरे, पण तेथेही ते स्थितिशील ठेवावे लागले. वर्गाच्या घरात असूनही त्याला स्वतःची अशी वस्तू नसते. ही केवळ नावापुरती शिस्त झाली. आता ‘मेन’ने पर्याय वाचून सर्वांना वाटून द्यावेत, तर त्याला आज्ञावलीतील प्रत्येक वर्गाचे अंतरंग ठाऊक असावे लागते आणि नवा वर्ग आला की ‘मेन’ बदलावे लागते. उलट प्रत्येक वस्तूने सार्वत्रिक कोशात डोकावून आपला पर्याय शोधावा, तर वस्तूचे वर्तन तिच्या रचनेवरून कळेनासे होते.

पायथॉन भाषेत या पेचावरची उत्तरे क्रमाने आली. आरंभी युनिक्सचेच ‘गेटऑप्ट’ तिच्यात होते. २००३ च्या आवृत्तीत ग्रेग वॉर्ड यांचे ‘ऑप्टपार्स’ आले. २०१० च्या आवृत्तीत स्टीव्हन बेथर्ड यांचे ‘आर्गपार्स’ समाविष्ट झाले. या उत्तरकालीन साधनांत उलगडणारा स्वतःच एक वस्तू असतो. त्याला पर्यायांची नावे, प्रकार, गृहीत मूल्ये व स्पष्टीकरणे सांगावीत. त्याने मदतीचा मजकूर आपोआप तयार करावा आणि शेवटी सर्व मूल्ये एका नामकोशात भरून द्यावीत, अशी योजना आहे. पाठ्यपुस्तके ही मालिका प्रगतीचा सरळ जिना म्हणून दाखवितात. त्या समजुतीची परीक्षा मुंबईच्याच उपनगरांत घेता येते. पायथॉनची शास्त्रीय कामांसाठीची परंपरा येथे चांगली रुजली आहे. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांच्या मार्गदर्शनाखाली ‘नोसिस’ ही ज्ञानजाल रचणारी मुक्त प्रणाली याच भाषेत उभी राहिली. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील वैमानिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांच्या आज्ञावल्याही याच भाषेतल्या आहेत आणि आदेशओळीच्या प्रश्नाला त्यांच्या इतके बोलके उदाहरण अन्यत्र क्वचितच आढळेल.

त्यांपैकी ‘मायावी’ ही त्रिमितीय शास्त्रीय माहितीचे चित्रण करणारी आज्ञावली. तिच्या पहिल्या रूपाविषयीचा निबंध २००१ मध्ये भारतीय वैमानिकी संस्थेच्या प्रवाहगणित परिसंवादात सादर झाला. दुसरे रूप पूर्णतः वस्तुकेंद्री आहे. माहितीचा स्रोत, तिच्यावर प्रक्रिया करणारा गाळक व चित्र काढणारा घटक या वस्तूंची एक साखळी ते बांधते. आदेशओळ साधारण अशी असते : ‘मायावी२ -डी हार्ट.व्हीटीआय -एम आउटलाइन -एम आयसोसरफेस’. येथे ‘-डी’ माहिती उघडतो, ‘-एफ’ गाळक जोडतो व प्रत्येक ‘-एम’ एक चित्रणघटक निर्माण करतो. याहून लक्षणीय पर्याय ‘-एस’ हा आहे. त्यापुढे दिलेले विधान शेवटी निर्माण झालेल्या वस्तूवर लागू होते. ‘आउटलाइन’नंतर ‘-एस’ देऊन रंग लाल केला तर चौकट लाल होते. तोच ‘-एस’ पुढे सरकविला तर तेच विधान निराळ्या वस्तूला जाऊन भिडते. म्हणजे येथील पर्याय हे खटके नव्हेत; ते क्रमाने धाडलेले संदेश आहेत आणि ओळ ही त्या वस्तुसाखळीची जन्मकथा आहे.

अशा आज्ञावलीने पर्याय उलगडण्यासाठी कोणते साधन निवडले? अद्ययावत ‘आर्गपार्स’ नव्हे, तर जुने ‘गेटऑप्ट’. त्याचे कारण रचनेत स्पष्ट दिसते. पायथॉनमधील ‘गेटऑप्ट’ पर्याय व मूल्य यांच्या जोड्यांची यादी देते आणि ती ओळीतील क्रमानेच असते. नामकोशात भरणारे साधन सर्व ‘-एम’ एका खणात व सर्व ‘-एस’ दुसऱ्या खणात गोळा करते. कोणता ‘-एस’ कोणत्या ‘-एम’नंतर आला होता, ही माहिती तेथे लोपते. ‘आर्गपार्स’मध्ये स्वतंत्र क्रियावर्ग लिहून क्रम राखता येतो, हे न्यायासाठी नमूद केले पाहिजे. पण मग जे साधन श्रम वाचविण्यासाठी घ्यावयाचे त्याच्याशीच झुंजावे लागते. तेव्हा ज्या साधनाला वस्तुकेंद्री म्हणावे, त्याचा निकाल वस्तूंना निरुपयोगी ठरतो आणि ज्याला पूर्वयुगीन म्हणावे, ते वस्तूंच्या क्रमाशी इमान राखते, असा हा विपर्यास आहे. जिन्याच्या कल्पनेला येथे तडा जातो.

त्याच हातची दुसरी आज्ञावली ‘पायएसपीएच’. द्रवाचे कण कल्पून प्रवाहाचे गणित करण्याच्या पद्धतीची ती चौकट आहे. येथे मात्र ‘आर्गपार्स’च वापरले आहे आणि ते योग्यच झाले, कारण येथील पर्याय चित्र बांधीत नाहीत, ते प्रयोगाच्या अटी ठरवितात. मालकीचा प्रश्न या आज्ञावलीने ज्या रीतीने सोडविला तो अभ्यसनीय आहे. अभ्यासक ‘ॲप्लिकेशन’ या मूळ वर्गापासून आपला वर्ग काढतो. त्यात दोन कृती भरून काढण्याची मुभा आहे. पहिलीत वर्ग आपले पर्याय उलगडणाऱ्यापाशी जाहीर करतो. दुसरीत, ओळ उलगडून झाल्यावर, तो त्यांची मूल्ये उचलून आपल्या ठायी ठेवतो. गणिताची पद्धत वर्णन करणाऱ्या ‘स्कीम’ वर्गालाही अशाच दोन कृती आहेत. परिणामी ‘मेन’ला कोणाचे अंतरंग ठाऊक असण्याचे कारण उरत नाही. घोषणा विखुरलेली, उलगडणे एकाच जागी आणि स्वीकार पुन्हा ज्याचा त्याच्याकडे, अशी ही विभागणी आहे. स्वीकाराची कृती कण व गणक निर्माण होण्याच्या पुष्कळ आधी केली जाते. चुकीचा पर्याय दिला असेल तर तो लांबलचक गणित सुरू होण्यापूर्वीच उघडकीस यावा, हा लाभ त्यात आहेच.

नोंदीचा मूळ प्रश्न मात्र इतक्याने मिटत नाही. एकाच प्रबंधासाठी शेकडो वेळा आज्ञावली चालवावी लागते आणि दर वेळी ओळीत एखादी संख्या बदलते. रामचंद्रन यांनी २०१८ मध्ये मांडलेली ‘ऑटोमॅन’ ही चौकट याच अडचणीतून निघाली. तीत प्रत्येक गणित ही एक वस्तू आहे. तिला दिलेल्या गुणधर्मांवरून आदेशओळ आपोआप रचली जाते आणि तेच गुणधर्म पुढे आलेख काढताना नावे व भेद दाखविण्यास उपयोगी पडतात. ‘मायावी’त ओळीतून वस्तू निघत होत्या, येथे वस्तूतून ओळ निघते. कुलाब्याचा जपून ठेवलेला छिद्रपत्रांचा गठ्ठा जे काम करीत होता, ते आता आज्ञावलीच्या मजकुरातच केले जाते.

तरीही दोन छिद्रे उघडी आहेत. ‘आर्गपार्स’ लांब नावाच्या पर्यायाचे संदिग्ध नसलेले आद्याक्षरसमूह गृहीतपणे स्वीकारते. ही सवलत बंद करण्याची सोय २०१५ च्या पायथॉन ३.५ मध्ये आली. आज संक्षेपाने लिहिलेली ओळ बिनबोभाट चालते. उद्या त्याच आद्याक्षरांचा नवा पर्याय आला की ती ओळ नाकारली जाते. ही चूक निदान आवाज करते. दुसरी आवाजही करीत नाही. जो पर्याय दिलाच नाही त्याचे गृहीत मूल्य ओळीत कोठेही नसते. ते आज्ञावलीच्या त्या आवृत्तीत असते. पुढील आवृत्तीत गृहीत मूल्य बदलले, तर अक्षरशः तीच ओळ निराळे उत्तर देते आणि कोणतीही सूचना उमटत नाही. म्हणून केवळ टंकित ओळ जपणे अपुरे ठरते. उलगडल्यानंतरचा संपूर्ण नामकोश, आज्ञावलीच्या आवृत्तीच्या क्रमांकासह, प्रत्येक निष्पत्तीच्या शेजारी लिहून ठेवावा लागतो. ‘आर्गपार्स’च्या बाबतीत हे काम चार-दोन ओळींचे आहे, कारण सर्व मूल्ये तेथे एकाच वस्तूत गोळा झालेली असतात. ‘मायावी’सारख्या क्रमबद्ध ओळीत मात्र असा नामकोशच नसतो, तेथे साखळीतील प्रत्येक वस्तूला तिची स्थिती विचारून ती उतरवून घ्यावी लागते.