पडद्याआड राहिलेले धर्मगुरू

‘द साउंड ऑफ म्युझिक’ या १९६५ सालच्या चित्रपटात नाताळचा एकही प्रसंग नाही. तरीही नाताळच्या सुट्टीत अनेक कुटुंबे तो एकत्र बसून पाहतात. आम्हांलाही तो प्रिय आहे. परंतु त्यामागील इतिहास अधिक उद्बोधक आहे, असे आम्हांस वाटते.

ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या नोनबर्ग मठातून मारिया १९२६ साली विधुर कॅप्टन फॉन ट्राप यांच्या घरी आली, ती सातही मुलांना सांभाळण्यासाठी नव्हे, तर एका आजारी मुलीची शिक्षिका म्हणून. १९२७ साली उभयतांचा विवाह झाला. मुले गात असतच. त्यांच्या गायनाला खरी शिस्त लावली ती फादर फ्रान्झ वासनर यांनी. चित्रपटात मात्र या धर्मगुरूंना स्थानच नाही.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. कॅप्टनसाहेबांना नाझी नौदलात अधिकारपद देऊ करण्यात आले. बँक बुडाल्याने घरची संपत्ती आधीच गेली होती. तरीही त्यांनी ते नाकारले. मग हे कुटुंब डोंगर ओलांडून नव्हे, तर आगगाडीने इटलीस गेले व तेथून अमेरिकेस. फादर वासनर त्यांच्यासोबतच होते. पुढे ते फिजी बेटांवर मिशनरी म्हणून गेले.

प्रिय पालकहो, यंदा हा चित्रपट मुलांसमवेत अवश्य पाहा. गाणी संपली की, घरात पैशांची चणचण असतानाही एका पित्याने मानाचे पद का नाकारले, तेही त्यांना सांगा.