अंगठा, हजेरीपट आणि ॲप : असाक्षरांच्या यादीचा इतिहास

प्रौढ साक्षरतेचा विषय निघाला की दोनच प्रश्न विचारले जातात. किती लोक शिकले आणि किती निधी मधल्यामध्ये खाल्ला गेला? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. पण तिसरा प्रश्न आमच्या चळवळीतही फारसा ऐकू येत नाही. गावोगाव, वस्तीवस्तीत फिरून सरकारने 'असाक्षर' म्हणून ज्यांची नावे लिहून नेली, त्या याद्यांचे पुढे काय झाले? त्या कुणाच्या ताब्यात आहेत? आणि मुळात या याद्यांमध्ये नावे कुणाची असतात, हे वेगळे सांगायला हवे का? ज्यांच्या आजा-पणज्याला पाटी धरू दिली नाही, त्यांचीच.

या देशात न शिकलेल्या माणसाची नोंद ठेवण्याची सुरुवात शाळेतून झालेली नाही. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या संपूर्ण हाताचा ठसा घेतला. हेतू सरळ होता, उद्या याने 'ही सही माझी नाही' म्हणू नये. त्या अविश्वासातून पुढे बोटांच्या ठशांचे शास्त्र उभे राहिले आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे जपणारी कचेरी निघाली. आपण 'अंगठाबहाद्दर' म्हणून ज्याला हसतो, त्याचा अंगठा राज्यकर्त्यांनी कधीच हसण्यावारी नेला नव्हता.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा तर यादीवरच उभा होता. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या माणसांची नोंदणी, मग हजेरी, मग गाव सोडायला पास. १९११ च्या सुधारित कायद्याने नोंद झालेल्या कुणाच्याही बोटांचे ठसे घेण्याची सोय करून ठेवली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये मुलांना शाळाही होती, म्हणजे शिक्षण आणि पाळत एकाच कुंपणात. आमच्या मते ही जोडी नीट समजून घेतली पाहिजे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे त्याआधी याच गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे काम पाहत होते. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते आणि १९३० च्या अहवालातून आमच्या मुलांच्या शिक्षणासाठी शिफारशी मिळाल्या, हे खरेच. पण हजेरी घेणारे खाते आणि उद्धार करणारे खाते यांच्यातले अंतर किती कमी होते, तेही यातून दिसते. कायदा १९५२ मध्ये गेला. पारधी वस्तीत चोरीच्या तपासाला पोलीस कुठली जुनी वही डोक्यात ठेवून येतात, ते तिथे काम करणाऱ्याला विचारा.

याच काळात दुसरा एक प्रवाह होता. जोतीरावांनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. तिथे माणूस स्वतःच्या पायाने येत होता. कुणी त्याला घरातून शोधून 'असाक्षर क्रमांक अमुक' असा शिक्का मारलेला नव्हता. शिकायला येणे आणि यादीत सापडणे यातला फरक तो हाच.

स्वातंत्र्यानंतर सरकारने रात्रशाळा स्वतःकडे घेतली. साताऱ्यातून निघालेल्या ग्राम शिक्षण मोहिमेत एकक होते गाव. सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाचे दहा कोटी लोक शिकवायचे, असे त्याचे उद्दिष्ट. केंद्रागणिक साधारण तीस जण आणि केंद्रागणिक एक हजेरीपट. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, मग एर्नाकुलमच्या धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांत संपूर्ण साक्षरता अभियान. घरोघर सर्वेक्षण हे तेव्हापासून रुळले. आता कुणी म्हणेल, तेव्हाही याद्या होत्याच की. होत्या. पण त्या कागदावर होत्या. प्रेरकाच्या घरी पत्र्याच्या पेटीत, पंचायतीच्या कपाटात पडून राहायच्या, त्यांना वाळवी लागायची. नाव खोटे असले तर निधी जायचा, नाव खरे असले तरी ते तालुक्याच्या पलीकडे सहसा जात नसे. सरकारच्या गलथानपणाने गरिबाची झाकलेली मूठ झाकलेलीच ठेवली, असेही म्हणता येईल.

जनगणनेत मात्र ही गोष्ट वाळवीवर सोडलेली नाही. तीसुद्धा प्रत्येकाला विचारते, वाचता-लिहिता येते का? पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार त्या नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. म्हणजे प्रजासत्ताक होण्याआधीच या देशाला ठाऊक होते की माणसाने खरे सांगावे असे वाटत असेल, तर त्याचे उत्तर त्याच्यावर उलटणार नाही याची हमी द्यावी लागते. साक्षरता सर्वेक्षणात प्रश्न तोच असतो, पण त्याच्यामागे तशी हमी नसते.

इथे आमचाच एक कार्यकर्ता विचारेल, मग जातीचा रकाना काढून टाकायचा का? मुळीच नाही. २००९ च्या साक्षर भारत योजनेत सात कोटींचे लक्ष्य होते. त्यात सहा कोटी स्त्रिया, १ कोटी ४० लाख अनुसूचित जातींचे, ८० लाख अनुसूचित जमातींचे आणि १ कोटी २० लाख अल्पसंख्याक. हा हिशेब जातीच्या रकान्याशिवाय मांडताच आला नसता. जातवार आकडे मिळावेत म्हणून तर आपण भांडतो आहोत. पण आकडा मागणे वेगळे आणि माणूस नावागावानिशी कायमचा नोंदवून ठेवणे वेगळे. किती मातंग स्त्रिया निरक्षर आहेत हे शासनाला कळलेच पाहिजे. अमक्या गल्लीतली अमकी मातंग बाई निरक्षर आहे, हे तिला शिकवणाऱ्यापलीकडे कुणाला कळायचे कारण नाही.

'असाक्षर म्हणून नाव लागले तर बिघडले काय?' या प्रश्नाचे उत्तर हरियाणाने दिलेले आहे. २०१५ मध्ये तिथे पंचायत निवडणूक लढवायला शिक्षणाची अट आली. सर्वसाधारण पुरुष दहावी, स्त्रिया आणि अनुसूचित जातीचे पुरुष आठवी, पंचपदासाठी अनुसूचित जातीची स्त्री पाचवी. १० डिसेंबर २०१५ रोजी राजबाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. राजस्थानने त्याआधीच, २०१४ च्या अखेरीस, वटहुकूम काढून हेच केले होते. तिथे ती अट २०१९ मध्ये रद्द झाली. म्हणजे ज्या समाजाला शिकू दिले नाही, त्याला न शिकल्याबद्दल शिक्षा. सायमन कमिशनच्या वेळी, १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात, बाबासाहेबांनी मताधिकाराला साक्षरतेची अट लावण्याला विरोध केला होता. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, आणि निरक्षर राहण्यात दोष त्या माणसाचा नाही, हा त्यांचा मुद्दा होता. हरियाणाने अट लावली तेव्हा उमेदवाराकडे दाखला मागावा लागला. उद्या एखाद्या राज्याला अशीच लहर आली आणि हाताशी तयार यादी असली, तर दाखलाही मागावा लागणार नाही.

आणि यादी आता तयार होते आहे. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी १,०३७.९० कोटींचा नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे, नाव 'उल्लास', लक्ष्य पाच कोटी, वय १५ आणि पुढे. सर्वेक्षण करणारा माहिती मोबाईल ॲपवर चढवतो. महाराष्ट्रात शिक्षकांनी या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला होता. कारण अशैक्षणिक कामाचे होते, आणि ते रास्तही होते. पण ज्यांची माहिती भरायची त्यांच्या बाजूने त्या वादात कुणी एक शब्द काढला नाही. वस्तीत आम्ही बायांना विचारतो, 'मावशी, नाव दिलं तेव्हा काय सांगितलं तुम्हाला?' उत्तर बहुधा एकच असते. 'मास्तर आले, आधार बघितलं, लिहून नेलं. काहीतरी योजना मिळणार असंल.'

याला संमती म्हणायचे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यातून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. तो म्हणतो, माहिती घेताना सूचना द्या, आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. वाचता! जिला वाचता येत नाही म्हणूनच तिचे नाव लिहिले जाते आहे, तिला बावीस भाषांत लेखी सूचना. मेळघाटातल्या कोरकूला आणि गडचिरोलीतल्या माडियाला तर ऐकायलासुद्धा स्वतःची भाषा नाही, कारण त्या भाषा अनुसूचीतच नाहीत. शिवाय कलम ७ प्रमाणे सरकारला अनुदान, लाभ, सेवा किंवा दाखला द्यायचा असेल, तर आपल्याकडे आधीपासून असलेली माहिती नव्या संमतीशिवाय वापरायची मुभा आहे. आणि माहिती देणाऱ्याने आपली कर्तव्ये मोडली तर दहा हजारांपर्यंत दंड आहेच.

सरकार मुद्दाम वाईट करील असे आम्ही म्हणत नाही. निष्काळजीपणा पुरतो. इंग्लंडच्या शिक्षण खात्याकडे सुमारे २ कोटी ८० लाख शिकणाऱ्यांच्या नोंदींचा साठा आहे. तो वापरायची परवानगी असलेल्या एका कंपनीने त्याचा उपयोग जुगाराच्या संकेतस्थळांवर ग्राहकांचे वय तपासण्यासाठी होऊ दिला. २०२२ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी खात्याला ताशेऱ्यांवर सोडले. दंड झाला असता तर तो एक कोटी पौंडांच्या वर गेला असता, असे त्यांनीच सांगितले. तिथे जाब विचारणारा आयुक्त तरी होता.

आपल्याकडे उलटेच झाले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याचे नियम निघाले, त्याबरोबर माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ज) मधला बदल लगेच लागू झाला. पूर्वी व्यापक जनहित दाखवून नावांसह हजेरीपट मागता येत असे, बोगस वर्ग उघडे पाडता येत असत. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द पुरतात. कलम ८(२) खाली जनहिताचा मार्ग उरला आहे, पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीने. मावशीचे नाव आमच्यापासून लपवले, सरकारपासून नाही.

तारखाही पाहा. संमती, सूचना, माहिती पुसून घेण्याचा हक्क ही कायद्याची मुख्य कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. उल्लासची मुदत मार्च २०२७ ला संपते. सगळी यादी आधी तयार होणार, तिचे रक्षण करणारा कायदा मागून येणार. संमतीने घेतलेल्या जुन्या माहितीबद्दलही लवकरात लवकर सूचना द्यावी, असे कलम ५ सांगते. तेव्हा आमची मागणी आत्ताच लेखी दिलेली बरी: ही सूचना वर्गावर, शिकणाऱ्यांच्या बोलीत, मोठ्याने वाचून दाखवावी. चाचणी उत्तीर्ण झालेल्याच्या नावापुढचा 'असाक्षर' हा शेरा कोणत्या तारखेला पुसणार, ते त्याच वेळी सांगावे. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करताना खाली अंगठे नकोत. वर्गातल्या बायांना आता सही येते.